दुसऱ्या मात्रेवर टाळी: सोल आणि रिदम अँड ब्लूज ऐकणाऱ्यांचे प्रश्न

साठच्या दशकातल्या सोल आणि रिदम अँड ब्लूज या, अमेरिकेतल्या काळ्या समाजातून आलेल्या लोकप्रिय संगीताच्या ध्वनिमुद्रणांबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. काही कानाचे आहेत, काही यंत्राचे. दोन्ही एकत्रच ठेवले आहेत, कारण यंत्र चुकलं की कानही फसतो. चुकीच्या वेगाने फिरणाऱ्या तबकडीवरून एखाद्या आवाजाबद्दल मत बनवणं हा त्या गायकावर अन्याय आहे.

लहानपणापासून नाट्यसंगीत आणि भावगीतं ऐकत आलो. मुलगा सोल म्युझिक लावतो तेव्हा बरं वाटतं, पण त्यात नेमकं काय ऐकायचं ते उमगत नाही. शब्दही निम्मे कळत नाहीत. सुरुवात कुठून करू? (एक वाचक, सांगली)

शब्द तूर्त बाजूला ठेवा. भावगीत ऐकताना आपला कान आधी शब्दांकडे जातो, मग चालीकडे, आणि ठेक्याकडे सगळ्यात शेवटी. सोल ऐकताना हा क्रम उलटा करावा लागतो. ही गाणी खालून वर रचलेली असतात: तळाशी ड्रम आणि बेस, त्यावर गिटार, पियानो किंवा ऑर्गन, मग ट्रम्पेट-सॅक्सोफोन, आणि या सगळ्यांच्या खांद्यावर उभा असलेला गळा. खालचे थर ऐकू येईपर्यंत वरचा गळा नुसता आरडाओरडा वाटू शकतो.

पहिला सराव टाळीचा. पायाने एक-दोन-तीन-चार अशा सरळ मात्रा द्या आणि टाळी फक्त दोनवर आणि चारवर द्या. ड्रमच्या संचातला पायाचा मोठा ढोल बहुधा एक आणि तीनवर वाजतो, आणि स्नेअर नावाचा चरचरीत आवाजाचा ढोल दोन आणि चारवर. या दोन-चारच्या जोराला बॅकबीट म्हणतात. आपल्याला समेवर वजन द्यायची सवय असते, त्यामुळे पहिले काही दिवस टाळी घसरून एकवर येते. ती घसरते तेव्हा तुम्ही बहुतेक गायकाच्या ओळीमागे गेलेले असता. गायकाला सोडा आणि खंजिरीसारखा टॅम्बरीन कुठे वाजतोय तेवढंच शोधा. तो बॅकबीटला चिकटून असतो.

यासाठी टेम्प्टेशन्सचं ‘माय गर्ल’ घ्या. मोटाउन कंपनीने ते डेट्रॉइटमध्ये मुद्रित केलं, डिसेंबर १९६४ मध्ये बाजारात आणलं, आणि मार्च १९६५ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. या गाण्यात थर एकेक करून आत येतात, त्यामुळे शिकायला याच्याइतकं सोपं दुसरं नाही. सुरुवातीला जेम्स जेमर्सनचा बेस एकटा वाजतो: सा आणि खालचा पंचम, एवढ्याच सुरांची एक घडी, मध्ये मोकळी जागा सोडून. मग रॉबर्ट व्हाइटची गिटार येते. घरी हार्मोनियम असेल तर पांढरी एकचा सा धरा आणि सा रे ग प ध सां वाजवा. हीच ती गिटारची ओळ. भूपाचा सरळ आरोह! पुढे हीच चढण मध्यमाला सा मानून पुन्हा येते आणि गाणंभर या दोन चढणी आलटून पालटून चालतात. मध्यावर व्हायोलिनांचा तुकडा संपला की सगळं गाणं पांढरी दोनवर सरकतं. हे सरकणं हार्मोनियमवर पकडता आलं, तर गाणं आतून दिसायला लागलं म्हणायला हरकत नाही.

हे सगळं मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. बेस गिटारची सगळ्यात खालची तार सुमारे ४१ हर्ट्झवर बोलते आणि मोबाइलचा इवलासा स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाही. कानावर बसणारे साधे वायरचे हेडफोन चालतील. आवाज बेताचा ठेवा. ‘बास बूस्ट’ चालू असेल तर बंद करा, त्याने बेसचे सूर एकमेकांत मिसळतात आणि जेमर्सनची चाल कळेनाशी होते.

मोटाउन आणि स्टॅक्स ही दोन नावं सतत येतात. दोन्हींतला फरक कानाने कसा ओळखायचा? (एक वाचक, नाशिक)

खोलीवरून. दोन्ही कंपन्यांचा आवाज त्यांच्या खोल्यांनी घडवला आहे.

बेरी गॉर्डीने १९५९ मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर कर्ज घेऊन डेट्रॉइटमध्ये मोटाउनची सुरुवात केली. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचं एक साधं घर हाच तिचा कारखाना. तिथल्या स्टुडिओत गिटार आणि बेस अ‍ॅम्प्लिफायरमधून न वाजवता थेट मुद्रणाच्या टेबलाला जोडत, म्हणून त्यांचा आवाज कोरडा आणि नीट कातरलेला येतो. गळ्याला जी घुमारी आहे ती माळ्यावर केलेल्या प्रतिध्वनीच्या खोलीतली. गाणी एएम रेडिओवर आणि मोटारीतल्या स्पीकरवर उठून दिसावीत असं मिश्रण करत, म्हणून टॅम्बरीन, टाळ्या, व्हायोलिनं असं वरचं काम ठसठशीत असतं. बॅकबीट धारदार करण्यासाठी हे लोक काय वाटेल ते वापरत. मार्था अँड द व्हँडेलाजच्या ‘नोव्हेअर टू रन’ (१९६५) मध्ये बर्फात मोटारीच्या टायरला बांधायच्या लोखंडी साखळ्या आपटल्या आहेत. दोन आणि चारवर जो खळ्ळकन आवाज येतो तो नुसत्या टॅम्बरीनचा नव्हे, हे एकदा कळलं की पुन्हा विसरता येत नाही.

स्टॅक्सचा जन्म मेम्फिसमधला. जिम स्ट्यूअर्ट आणि त्याची बहीण एस्टेल ॲक्स्टन यांच्या आडनावांची पहिली अक्षरं जोडून १९६१ मध्ये हे नाव आलं. स्टुडिओ म्हणजे बंद पडलेलं चित्रपटगृह. खुर्च्या काढल्या, पण जमिनीचा उतार तसाच राहिला. गायक आणि वादक एकाच वेळी, एकमेकांकडे बघत वाजवत, आणि १९६५ पर्यंत सगळं एकाच ट्रॅकवर मुद्रित होई. म्हणजे चूक झाली तर गाणं पहिल्यापासून. मोटाउनमध्ये जिथे मागे गाणाऱ्या बाया-पुरुषांचा कोरस असतो, तिथे स्टॅक्समध्ये बहुतेक वेळा ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन असतात. ते गायकाला उत्तर देतात, अगदी टाळकरी अभंगाच्या ओळीला देतात तसं.

आणखी एक खूण बॅकबीटच्या जागेची. १९६५ च्या मे महिन्यात विल्सन पिकेटचं ‘इन द मिडनाइट अवर’ स्टॅक्समध्ये मुद्रित होत असताना निर्माता जेरी वेक्सलरने तेव्हा तरुणांत चाललेला ‘जर्क’ नाच वादकांना स्वतः नाचून दाखवला. त्या नाचातला झटका मात्रेच्या किंचित मागे पडतो. ड्रमर अल जॅक्सन आणि गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर यांनी दोन आणि चारचा ठोका तसाच मागे ओढला. घड्याळाच्या ठोक्याबरोबर टाळी देऊन पाहा: तुमची टाळी आधी पडते, स्नेअर मागून येतो. लय मात्र ढळत नाही.

स्टॅक्सचं एकच मुद्रण निवडायचं झालं तर आम्ही ओटिस रेडिंगचं ‘ट्राय अ लिटल टेंडरनेस’ (१९६६) निवडू. गाणं मुळात १९३२ चं, संथ आणि गुळगुळीत. इथे सुरुवातीला फक्त ब्रासच्या, म्हणजे ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या ताफ्याच्या, तीन स्वतंत्र ओळी एकमेकींत गुंफलेल्या येतात. ओटिस गायला लागतो तेव्हा साथ जेमतेम. दुसरं कडवं सुरू होताना अल जॅक्सन स्नेअरच्या कडेवर काठीने टिकटिक सुरू करतो, गाण्याच्या संथ चालीच्या दुप्पट. हाच गाण्याचा कणा. विलंबितात गायक असताना तबलजीने हळूच लग्गी धरावी, तसा परिणाम होतो: गळा अजून संथ आहे, पण खाली काहीतरी धावायला लागलंय. पुढे गिटार एकेका मात्रेवर जोर देते, ऑर्गन फुगत जातो, ब्रास पायऱ्या चढतो, आणि शेवटी पूर्ण ड्रम सुटतात. मूळ लय थोडीशीच पुढे सरकते, भरणा मात्र कैक पटींनी वाढतो. तीनदा ऐका: एकदा फक्त टिकटिक, एकदा फक्त ब्रास, एकदा फक्त ओटिसचा श्वास. शेवटाकडे तो शब्द तोडून त्यांचे नुसते ठोके करतो. तिथे तो गायकाइतकाच ड्रमर झालेला असतो.

अलाबामातलं मसल शोल्स आणि मेम्फिसमधलंच रॉयल स्टुडिओ ही पुढची ठिकाणं. रॉयलमध्ये निर्माता विली मिचेल आणि अल ग्रीन यांनी ‘लेट्स स्टे टुगेदर’ (१९७१) केलं. तिथे ड्रम मऊ, जवळचा, जाड गादीवर वाजल्यासारखा आहे आणि गळा जवळजवळ कुजबुजतो.

रिदम अँड ब्लूज हे नाव आलं कुठून? हल्ली ‘आर अँड बी’ म्हणून जे लावतात ते तर अगदीच निराळं वाटतं. (एक वाचक, ठाणे)

निराळंच आहे. अमेरिकेतल्या बिलबोर्ड या व्यवसाय-साप्ताहिकात काळ्या श्रोत्यांच्या रेकॉर्डींची यादी ‘रेस रेकॉर्ड्स’ या नावाने छापत. जून १९४९ मध्ये ते नाव काढून ‘रिदम अँड ब्लूज’ केलं. बदल सुचवणारा जेरी वेक्सलर तेव्हा तिथे पत्रकार होता. ऑगस्ट १९६९ मध्ये त्याच यादीचं नाव ‘सोल’ झालं. म्हणजे ही नावं आधी दुकानातल्या कप्प्यांची, मग संगीताची. जुनं शोधताना नुसतं ‘आर अँड बी’ लिहू नका, गायकाचं नाव आणि वर्ष टाका.

मी ख्याल शिकते. सोलमधले गायक आवाज फोडून गातात, सूरही पूर्ण लागत नाही असं वाटतं. याला चांगलं गाणं का म्हणायचं? (एक वाचक, पुणे)

सूर लागत नाही असं वाटतं, कारण तुम्ही तो हार्मोनियमच्या पट्टीवर मोजताय. या गाण्यात गंधाराची एक जागा कोमल आणि शुद्ध यांच्या मधली आहे. तिला ब्लू नोट म्हणतात. गायक अनेकदा कोमलला धरून शुद्धाकडे चढतो आणि मध्येच सोडतो. दरबारीच्या गंधाराशी गल्लत करू नका, तो खाली झुलतो, हा वर ताणला जातो. तंबोरा लावून ती जागा गळ्याने शोधा. सापडली की ती बेसूर नाही, नेमकी आहे, हे तुमचं तुम्हालाच पटेल.

आवाज फोडण्याचं म्हणाल तर ती चर्चमधल्या गॉस्पेलची, म्हणजे तिथल्या भक्तिगीतांची, तालीम आहे. सॅम कुक आधी सोल स्टिरर्स या गॉस्पेल गटाचा मुख्य गायक होता. १९५७ चं त्याचं ‘यू सेंड मी’ ऐका: आवाज रेशमासारखा, एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना हलकी मुरकी. मग १२ जानेवारी १९६३ रोजी मायामीच्या हार्लेम स्क्वेअर क्लबमध्ये मुद्रित झालेला त्याचा कार्यक्रम ऐका. तो अल्बम १९८५ मध्ये बाहेर आला. तिथे हाच गळा खरखरीत, घामाने भिजलेला, श्रोत्यांना ओढून घेणारा. दोन्ही त्याचेच, आणि खरखर कुठे आणायची, कुठे पुसायची यावर त्याचा पूर्ण ताबा आहे. खरखर ही अलंकारासारखी वापरली आहे. ती ओळीच्या कोणत्या अक्षरावर येते ते खुणा करून पाहा. बहुतेक वेळा ती ओळीच्या सुरुवातीला नसते, भाव चढतो तिथे असते.

‘रिस्पेक्ट’ हे गाणं ओटिस रेडिंगचं की अरीथा फ्रँकलिनचं? (एक वाचक, पणजी)

लिहिलं आणि आधी गायलं ओटिसने, १९६५ मध्ये. अरीथाने ते १४ फेब्रुवारी १९६७ रोजी न्यूयॉर्कमधल्या अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत मुद्रित केलं, आणि नंतर ते तिचंच झालं. हे कसं घडलं ते दोन्ही मुद्रणं लागोपाठ लावल्यावर कळतं. ओटिसच्या गाण्यात ब्रास पुढे, धाप लागेल अशी घाई, आणि मध्ये वेगळा तुकडा नाही. अरीथा पियानोवर स्वतः बसली. तिने शीर्षकाचं एकेक अक्षर सुटं म्हणण्याची जागा घातली, आणि मागे बहिणी कॅरोलिन आणि अर्मा यांना एक वेगळीच ओळ दिली, जी मुख्य ओळीच्या फटीत बसते. मध्ये किंग कर्टिसचा सॅक्सोफोन येतो तेव्हा गाणं पांढरी एक सोडून एकदम तीव्र मध्यमाच्या बाजूला उडी मारतं. ही स्वरसंगती सॅम अँड डेव्ह या जोडीच्या एका संथ गाण्यातून उचललेली. इतक्या लांबच्या पट्टीत जाऊनही धक्का न बसता परत येता येतं, याचं श्रेय त्या काही क्षणांत न ढळणाऱ्या ड्रमला. शब्द तेच, मागणी करणारा बदलला, आणि अर्थ उलटला. इथे मात्र शब्द जरूर वाचा.

जुन्या अल्बमांत गाणारा एका कानात आणि वाद्यं दुसऱ्या कानात येतात. हेडफोनवर डोकं दुखतं. रेकॉर्डिंग खराब आहे का? (एक वाचक, औरंगाबाद)

मुद्रण खराब नाही, त्याचं स्टीरिओ मिश्रण घाईचं आहे. १९६७-६८ पर्यंत ही गाणी मुख्यतः मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज, अशी ऐकली जावीत म्हणून केलेली होती, कारण रेडिओ, ज्यूकबॉक्स आणि मिनिटाला ४५ फेऱ्या घेणारी छोटी रेकॉर्ड (सिंगल) हे तिन्ही मोनो होते. निर्माता आणि वादक मोनो मिश्रणावर वेळ घालवत, स्टीरिओ नंतर उरकत. मूळ टेपवर दोन-तीनच ट्रॅक असतील तर वाद्यं एका बाजूला आणि गळा दुसऱ्या बाजूला, याहून फार काही करताही येत नसे.

म्हणून शक्य असेल तिथे ‘मोनो’ किंवा ‘सिंगल व्हर्जन’ असं लिहिलेलं मुद्रण निवडा. ते न मिळाल्यास मोबाइलच्या ॲक्सेसिबिलिटी विभागात ‘मोनो ऑडिओ’ चालू करा. आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींत ही सोय असते. संगणकावरच्या फाइलसाठी ऑडॅसिटी या प्रोग्रॅममध्ये ट्रॅक निवडून ‘मिक्स’मधून स्टीरिओचं मोनो करता येतं. डोकेदुखी जाईल. पण हे खऱ्या मोनो मिश्रणाची जागा घेत नाही. दोन बाजू एकत्र केल्या की मधोमध ठेवलेली वाद्यं कडेच्या वाद्यांपेक्षा वर येतात आणि तोल बदलतो. शिवाय मोनो सिंगलमध्ये आवाज दाबून एकजीव करण्याचं काम मुद्दाम केलेलं असतं.

जुनी एलपी घेताना वेष्टनावर ‘इलेक्ट्रॉनिकली रीचॅनल्ड फॉर स्टीरिओ’ असं दिसलं तर ती टाळा. मोनो टेपवर एका बाजूला खर्ज, दुसऱ्या बाजूला वरचे स्वर वाढवून आणि थोडा विलंब देऊन केलेला तो खोटा स्टीरिओ असतो. गळा गुहेतून आल्यासारखा वाटतो.

न्यू जर्सीहून बहिणीने टर्नटेबल पाठवला. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर लावला, तरी सगळी गाणी संथ आणि आवाज जाड येतात. बेल्ट बदलून पाहिला. (एक वाचक, कोल्हापूर)

बेल्टचा दोष नाही. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे १२० करतो, पण विजेची वारंवारता बदलत नाही. अमेरिकेत ती ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. जुन्या अनेक टर्नटेबलांत सिंक्रोनस एसी मोटर असते आणि तिचा वेग या वारंवारतेवरच ठरतो. त्यामुळे ३३⅓ फेऱ्यांऐवजी मिनिटाला सुमारे २७.८ फेऱ्या होतात. स्वर पेटीच्या सुमारे तीन पट्ट्या खाली येतो. काळी दोनमधलं गाणं पांढरी एकमध्ये वाजतं. अल ग्रीन ऐकताना हे चटकन लक्षात येतं, कारण त्याचा वरचा नाजूक आवाज साध्या पुरुषी आवाजासारखा होतो.

आधी मागची पट्टी वाचा. ‘१२० व्होल्ट ६० हर्ट्झ’ एवढंच असेल आणि मोटर एसी असेल तर तीन वाटा आहेत. काही कंपन्या त्याच मॉडेलसाठी ५० हर्ट्झची मोटर-पुली देत. ती १.२ पट मोठ्या व्यासाची असते आणि बदलायला मिनिटभर लागतो. तशी पुली न मिळाल्यास कुशल खरादीकडून करून घेता येते, पण पायरीच्या दोन्ही व्यासांचं माप व्हर्नियरने घेऊन द्या. थोडीही चूक वेगात उतरते, आणि पुली किंचित विकेंद्री झाली तर स्वर डोलतो. दुसरी वाट म्हणजे ६० हर्ट्झ तयार करणारं वीजपुरवठ्याचं यंत्र, तुलनेने महाग. तिसरी, डीसी मोटरचा किंवा क्वार्ट्झ डायरेक्ट ड्राइव्हचा टर्नटेबल घेणं. त्यांना वारंवारतेची अडचण नसते, फक्त व्होल्टेज बघावं लागतं.

वेग तपासायला स्ट्रोबची कागदी चकती वापरा (वेग बरोबर असला की दिव्याखाली तिच्यावरच्या रेघा स्थिर दिसतात), पण अमेरिकेतून आलेली नको. ५० हर्ट्झच्या दिव्याखाली ३३⅓ साठी १८० रेघा लागतात, ६० हर्ट्झच्या चकतीवर २१६ असतात आणि ती चकती उलटं सांगेल. दिवा साधा पिवळा बल्ब हवा. अनेक एलईडी दिवे पुरेसे लुकलुकत नाहीत आणि रेघा नुसत्या पुसट दिसतात.

चोरबाजारात जुन्या अमेरिकन ४५ वेगाच्या छोट्या रेकॉर्डी मिळाल्या. दिसायला चकचकीत, पण वाजवल्या की फसफस येते. शिवाय कोकणात पावसाळ्यात बुरशी धरते. कशा धुवाव्यात? (एक वाचक, रत्नागिरी)

आधी त्या कशाच्या आहेत ते बघा. अमेरिकेतल्या बऱ्याच सात इंची रेकॉर्डी व्हायनिलच्या नसून पॉलिस्टायरिनच्या असत. त्या हातात हलक्या आणि कडक लागतात, कडेला नखाने टिचकी मारली तर आवाज टणटणीत येतो, व्हायनिलचा दबका येतो. लेबल बहुधा वरून चिकटवलेलं असतं. स्टायरिनच्या खाचा जाड सुईने किंवा जास्त वजनाने लवकर झिजतात, आणि ही झीज डोळ्यांना दिसत नाही. चकचकीत रेकॉर्ड फसफसते ती म्हणून. धुण्याने ही फसफस जात नाही. चटचट, टकटक जाते.

व्हायनिलसाठी: डिस्टिल्ड पाणी ४ भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोल १ भाग, त्यात अर्ध्या लिटरला साबणविरहित वेटिंग एजंटचे (पाणी खाचांत नीट पसरवणाऱ्या द्रवाचे) दोन-तीन थेंब. मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने, गोलाकार. लेबल कोरडं ठेवा. नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दुसरा हात, आणि उभं ठेवून पूर्ण वाळवा. नळाचं पाणी नको, वाळल्यावर त्यातले क्षार खाचांत राहतात. स्टायरिनला अल्कोहोल वगळा, फक्त पाणी आणि वेटिंग एजंट. घरात ७८ वेगाच्या लाखेच्या रेकॉर्डी असतील तर त्यांना अल्कोहोलचा स्पर्शही नको, लाख विरघळते. बुरशी असलेली रेकॉर्ड धुण्याआधी कधीही वाजवू नका, सुई ती खाचेत दाबून बसवते.

वाजवताना मधल्या दीड इंची भोकासाठी ॲडॉप्टर बरोबर मध्यावर बसवा. सैल असला तर पियानोचे लांब सूर डोलतात. सुई गोल टोकाची घ्या. सुईचं वजन लावताना टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, आधी हवेत आडवा तरंगेपर्यंत मागचं वजन फिरवा, मग आकड्यांची कडी शून्यावर आणा, मग दोन्ही एकत्र फिरवून कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या डबीच्या) कागदावर दिलेल्या आकड्यावर या. बऱ्याच साध्या कार्ट्रिजसाठी तो १.८ ते २.२ ग्रॅम असतो. फार हलकं ठेवणं सुरक्षित नाही. सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती जास्त खरवडते. स्टायरिनची रेकॉर्ड बोटाने उलटी फिरवू नका.

पावसाळ्यात रेकॉर्डी उभ्या, भिंतीपासून चार बोटं लांब, कपाटात सिलिका जेल ठेवून. जेलचा रंग बदलला की तापवून घ्या. मऊ पीव्हीसीची पिशवी काढून पॉलिथिनची घाला, पीव्हीसीने व्हायनिलवर धुरकट थर बसतो.

ॲपवर ऐकलेलं गाणं आणि वडिलांच्या कॅसेटवरचं गाणं, नाव एकच, पण गाणं वेगळंच वाटतं. (एक वाचक, बेळगाव)

वेगळंच असू शकतं. त्या काळातल्या अनेक गायकांनी आपली गाजलेली गाणी पुढे दुसऱ्या कंपन्यांसाठी नव्याने गायली, आणि स्वस्त संकलनांत तीच भरलेली असतात. गाण्याच्या माहितीत ‘री-रेकॉर्डेड’ शब्द शोधा. नसेल तर प्रकाशकाची ओळ वाचा: मोटाउनच्या गाण्यापुढे कुणा अनोळखी संकलकाचं नाव आणि अलीकडचं वर्ष असेल तर संशय घ्या. कानाची खूणही आहे. नव्या मुद्रणात ड्रम जास्त स्वच्छ आणि सुटा, ब्रासच्या जागी सिंथेसायझर, आणि गळा अर्धा-एक पट्टी खाली.

कधीकधी मूळ मुद्रणाचीच दोन रूपं असतात. सॅम कुकला १९६३ मध्ये लुइझियानातल्या श्रेव्हपोर्टमध्ये वर्णावरून हॉटेलात जागा नाकारली गेली. त्यानंतर त्याने ‘अ चेंज इज गॉना कम’ लिहिलं आणि ३० जानेवारी १९६४ रोजी मुद्रित केलं. अल्बममध्ये ते पूर्ण आहे. डिसेंबरमध्ये, तो गेल्यानंतर काही दिवसांनी, सिंगल निघाली तेव्हा तिसरं कडवं कापलं गेलं. तेच कडवं गाण्यातलं सगळ्यात उघड राजकीय: चित्रपटाला किंवा शहरात गेलं की तिथून निघून जायला सांगतात, असं सांगणारं. तुमच्या ॲपवरच्या प्रतीत ते आहे का ते बघून घ्या आणि नसेल तर अल्बममधलं गाणं शोधा. ते कडवं गेलं की गाणं नुसत्या सुंदर आशेचं उरतं, आणि ते तेवढंच नाही.

मी तबला वाजवतो. जेम्स ब्राउनच्या गाण्यांत सम असते का? केरव्यात बसवता येतील का? (एक वाचक, इंदूर)

असते, आणि इतर कुणाहीपेक्षा ठळक. १९६५ च्या ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’पासून ब्राउनने वाद्यवृंदाचं सगळं वजन पहिल्या मात्रेवर आणलं. त्याचे वादक तिला ‘द वन’ म्हणत. म्हणजे खाली बॅकबीट आहेच, पण सगळे मिळून येतात ते समेवर. गिटार, बेस, ब्रास यांतलं प्रत्येक वाद्य स्वर सोडून ठेका वाजवत असतं, हे तबलजीला इतरांपेक्षा लवकर कळेल.

केरव्याच्या आठ मात्रा त्यांच्या चार मात्रांच्या दुपटीने घ्या: धा गे ना ती, न क धि न. त्यांची दुसरी मात्रा तुमच्या तिसऱ्या मात्रेवर, म्हणजे ‘ना’वर पडते, आणि चौथी तुमच्या सातव्या मात्रेवर, ‘धि’वर. नेहमीचा ठेका वाजवताना या दोन बोलांवर चाटीचा जोर द्या आणि बाकीचे दाबा, बॅकबीट तयार. मग १९६७ चं ‘कोल्ड स्वेट’ लावा. ड्रमवर क्लाइड स्टबलफिल्ड आहे. पहिल्या आवर्तनात स्नेअरचा दुसरा ठोका सातव्या मात्रेवर न येता आठवीवर ढकललेला आहे, आणि पुढची सम त्यामुळे जास्त जोरात आदळते. आधी धिम्या लयीत, मिनिटाला साठ ठोक्यांवर, सातवी मात्रा मुद्दाम रिकामी ठेवून आठवीवर चाटी मारण्याचा सराव करा. डाव्या हाताने सातवीवर आपोआप घुमारा येतो, तो आधी थांबवावा लागतो. तेवढं जमलं की रेकॉर्डबरोबर वाजवा, आणि डग्गा पहिल्या मात्रेखेरीज कुठेही मोठा करू नका.